दुचाकीचा रंग बदलण्याआधी खर्चाचा हिशेब

रत्नागिरी, प्रतिनिधी

काळी मोटारसायकल लाल करायची आहे, किती खर्च येईल? रत्नागिरीत मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत किंवा मिरजोळे औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हा प्रश्न दोन-तीन कारागिरांना विचारला, तर उत्तरांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. एकजण तीन हजार रुपये सांगेल, दुसरा नऊ हजार. गाडी तीच, रंगही तोच. मग मधले सहा हजार रुपये जातात कुठे? ग्राहकाला वाटते, महाग सांगणारा लुबाडतो आहे. प्रत्यक्षात हा फरक बहुतेक वेळा रंगाखाली झाकल्या जाणाऱ्या कामाचा असतो आणि समुद्रकाठच्या गावात तो पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच उघडा पडतो.

तोच रंग आणि वेगळा रंग

अपघातात टाकीला पोचा आला किंवा ओरखडा उठला, तर तेवढाच भाग मूळ रंगात रंगवून घेता येतो. शेजारच्या भागाशी छटा जुळली की काम संपते. रंगच बदलायचा असेल, तर ही सोय राहत नाही. टाकी, दोन्ही बाजूंची झाकणे, मागचा काऊल, पुढचा मडगार्ड, दिव्याभोवतीचा भाग असे सारे सुटे करून रंगवावे लागते. टाकी चौकटीवरून न उतरवता रंगवली, तर खालच्या कडेला व सीटखाली जुना रंग डोकावत राहतो. स्वस्तातल्या कामाची पहिली खूण तीच.

जुना रंग कोणता व नवा कोणता, यावरही खर्च अवलंबून असतो. गडद रंगावर गडद रंग लवकर झाकला जातो. काळ्यावर पिवळा, केशरी किंवा झळाळता लाल रंग द्यायचा असेल, तर या रंगद्रव्यांची झाकण्याची शक्ती कमी असल्याने आधी पांढरा किंवा फिकट राखाडी तळ द्यावा लागतो. त्याशिवाय हात देत गेल्यास रंग अधिक लागतो आणि छटाही मळकट दिसते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. ते सगळीकडे सारखे बसण्यासाठी स्प्रे गन सरावाच्या हातात लागते. मोतिया रंगाचे काम तीन टप्प्यांचे असते. आधी तळाचा रंग, त्यावर मोतिया थर आणि शेवटी पारदर्शक लेप. म्हणूनच सर्वांत स्वस्त बदल साध्या गडद रंगाचा आणि सर्वांत महाग बदल मोतिया किंवा 'कँडी' छटेचा ठरतो.

एनसी की पीयू?

दरातील मोठा फरक रंगाच्या जातीमुळे पडतो. गॅरेजच्या बोलीत 'एनसी' म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. त्यात मिसळलेला थिनर उडून गेला की रंग सुकतो. काम झटपट होते, एका दिवसात गाडी हातात मिळते, चूक झाली तर दुरुस्तीही सोपी असते. मात्र जो थर थिनर उडाल्याने सुकतो, तो थिनरसारख्याच द्रावणात पुन्हा मऊही पडतो. पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी चार थेंब सांडले की तिथला रंग निस्तेज होतो, सुरकुततो. देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. अशा पेट्रोलपुढे कच्च्या रंगाचा टिकाव आणखी कठीण असतो.

'पीयू' म्हणजे पॉलियुरेथेन. यात रंग किंवा क्लिअर कोट आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकत्र करतात. दोहोंत रासायनिक प्रक्रिया होऊन थर कडक बनतो आणि एकदा पक्का झाला की पेट्रोलने सहजी विरघळत नाही. हात लावण्याइतका तो काही तासांत सुकतो. पूर्ण पक्का होण्यास साधारण आठवडा लागतो. तोपर्यंत गाडी धुऊ नये, टाकीवर आच्छादन घट्ट बांधू नये. मिसळलेला माल काही तासांतच घट्ट होत असल्याने उरलेला फेकावा लागतो. त्याचा भारही ग्राहकाच्या बिलावर पडतो.

कंपनीत टाकीचा रंग मोठ्या भट्टीत शंभर अंशांहून बऱ्याच अधिक तापमानाला भाजला जातो. गावातल्या कारागिराकडे तशी सोय नसते आणि प्लॅस्टिकचे भाग तेवढी उष्णता सोसतही नाहीत. त्यामुळे कंपनीच्या रंगाच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय दोन घटकांचा पीयू हाच आहे. बोलणी करताना 'पीयू' एवढा शब्द ऐकून समाधान मानू नये. काही ठिकाणी खाली एनसी रंग देऊन वर केवळ पीयू क्लिअर मारला जातो. चमक तशीच दिसते, पण खालचा थर दुबळा राहतो.

मिठाची हवा आणि पावसाळा

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाडीवर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा बारीक थर बसत असतो. त्यात जांभ्याच्या तांबड्या धुळीची भर पडते. हे मीठ पुरते न धुता त्यावर रंग चढवला, तर ते थराखाली अडकते आणि हवेतील ओलावा ओढून घेते. काही महिन्यांत रंगावर बारीक फोड उठतात. फोड फुटला की खाली गंज दिसतो. मग तेवढ्या जागी रंग लावून भागत नाही, पत्र्यापर्यंत घासून काम पुन्हा करावे लागते.

यासाठी रंगकामाची सुरुवात गोड्या पाण्याने व साबणाने व्हायला हवी. त्यानंतर तेल-वंगण काढणे, मग घासकाम. हा क्रम उलटा झाला, तर कागदाने घासताना मीठ आणि वंगण पत्र्यात अधिकच भरले जाते. गंजलेला भाग उघडा पत्रा दिसेपर्यंत घासून त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर देणे कोकणातल्या हवेत शहाणपणाचे. पोचा भरण्यासाठी लागणारी पुट्टी शक्य तितकी पातळ असावी. तिचा जाड थर ओल शोषतो आणि उन्हा-पावसात तडकतो. प्लॅस्टिकच्या भागांना वेगळा प्रायमर लागतो. तो टाळला तर रंग पापुद्र्यासारखा सुटून येतो.

यानंतर सरफेसर, पुन्हा ४०० पासून ८०० क्रमांकापर्यंतच्या वॉटर पेपरने घासणे, मग रंगाचे दोन-तीन हात, त्यावर स्टिकर आणि शेवटी क्लिअर कोट. क्लिअर पक्का झाल्यावर १५०० ते २००० क्रमांकाच्या कागदाने हलके घासून पॉलिश केले जाते. नीट केलेल्या कामाला चार ते सहा दिवस लागतात. त्यातला गन चालवण्याचा वेळ जेमतेम काही तासांचा, उरलेला घासण्याचा आणि सुकण्याचा. तीन हजारांच्या कामात हेच दिवस गाळलेले असतात.

काम कोणत्या महिन्यात द्यावे, हेही महत्त्वाचे. हवेत बाष्प फार असताना थिनर वेगाने उडाला की थर थंड पडतो, त्यावर ओलावा धरतो आणि रंगावर दुधी मळभ येते. एनसी रंगात हा दोष विशेष दिसतो. हार्डनरही ओलाव्याने बिघडतो. गणपतीला चाकरमानी गावी येण्याआधी गाडी नवी करून घेण्याची हौस अनेकांना असते, पण भाद्रपद हा पावसाळ्यातलाच महिना. बंद खोलीची सोय नसेल, तर दसऱ्यानंतर पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते मे या काळात काम देणे योग्य.

खर्चाची आकडेवारी

पुढील दर १०० ते १६० सीसीच्या साध्या मोटारसायकलीसाठी ठोकळमानाने दिले आहेत. कारागीर, रंगाची कंपनी आणि गाडीची अवस्था यांनुसार ते खाली-वर होतात.

- बाहेरचे सर्व भाग, एनसी रंग : २,५०० ते ४,५०० रुपये
- बाहेरचे सर्व भाग, पीयू साधा रंग : ५,००० ते ९,००० रुपये
- पीयू मेटॅलिक : वरील रकमेवर १,००० ते २,००० रुपये अधिक
- मोतिया किंवा कँडी छटा : १०,००० ते १५,००० रुपये आणि पुढे
- गंज व पोचे काढणे : अवस्थेनुसार ५०० ते २,००० रुपये
- स्टिकर : ५०० ते २,५०० रुपये
- दोन चाकांचे पावडर कोटिंग : १,५०० ते ३,००० रुपये
- चौकटीचे पावडर कोटिंग : २,५०० ते ५,००० रुपये. गाडी पूर्ण उघडून जोडण्याची मजुरी वेगळी, साधारण तेवढीच किंवा अधिक
- रंगीत विनाइल आवरण : ३,००० ते ७,००० रुपये

उदाहरणादाखल, पीयू साध्या रंगाचे ७,०००, गंज-पोच्याचे १,०००, स्टिकरचे १,२००, सुटे भाग काढणे-बसवणे व तुटलेल्या क्लिपांचे ८०० आणि परिवहन कार्यालयाचे शुल्क, छायाप्रती व जाण्या-येण्याचे १,००० धरले, तर एकूण ११,००० रुपये होतात. 'सात हजारांत गाडी रंगवली' असे ऐकून निघालेल्या ग्राहकाला हे चार हजार नंतर आठवतात. काम पक्क्या बिलावर करायचे असल्यास त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. दर करासह आहे की कराशिवाय, हे आधीच विचारावे.

पावडर कोटिंगसाठी भाग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ठेवावा लागतो. त्यामुळे ते चौकट, चाके, स्टँड अशा उघड्या धातूच्या भागांनाच चालते. जवळपास भट्टी नसेल, तर चौकट कोल्हापूरसारख्या औद्योगिक शहरात पाठवावी लागते. आंबा घाटमार्गे सुमारे १३० किलोमीटरची ही वाहतूक दोन्ही बाजूंनी मोजावी. पावडरचा थर जाड असतो. चौकटीवर कोरलेला चॅसिस क्रमांक त्याखाली बुजणार नाही, अशा रीतीने तो भाग आधी झाकून घेण्यास विसरू नये. क्रमांक वाचता आला नाही, तर तपासणीच्या वेळी गाडीच संशयाच्या फेऱ्यात येते.

गाडी जुनी नसेल, तर आणखी एक हिशेब करून पाहावा. त्याच मॉडेलचे हव्या त्या रंगाचे सुटे भाग कंपनीच्या विक्रेत्याकडे मिळतात का, याची चौकशी करावी. टाकी महाग असते. पण टाकी सोडून बाकीची झाकणे नवी घेऊन केवळ टाकी रंगवणे कधी कधी परवडते. कंपनीचा रंग-संकेतांक ठाऊक असल्यास छटा जुळवणेही सोपे जाते.

वाहनांच्या रंगाशी रत्नागिरी जिल्ह्याचे वेगळे नातेही आहे. खेड तालुक्यातील लोटे औद्योगिक वसाहतीत कन्साई नेरोलॅकचा रंगनिर्मिती कारखाना आहे. १९२० साली मुंबईत गहागन पेंट्स या नावाने सुरू झालेली आणि २००६ पासून आजचे नाव धारण करणारी ही कंपनी वाहन उद्योगाला रंग पुरवणाऱ्या देशातील अग्रगण्य उत्पादकांपैकी एक आहे. मात्र कारखाना जिल्ह्यात असला, तरी गॅरेजपर्यंत डबा येतो तो विक्रेत्यांच्या साखळीतूनच. त्यामुळे दरात सवलतीची अपेक्षा ठेवू नये.

नोंदणी पुस्तिकेतला रंग

रंग हा वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील एक तपशील आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने परस्पर करू नये आणि बदल झाल्यास तो १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा, अशी अपेक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रंग द्यायला टाकण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारणा करून परवानगी घेणे हा सरळ मार्ग होय.

'एमएच ०८' या क्रमांकाच्या गाड्यांची नोंद रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात असते. अर्जासोबत सर्वसाधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र लागते. गाडी कर्जावर असेल, तर वित्तसंस्थेची लेखी संमती हवी. त्यानंतर गाडी मोटार वाहन निरीक्षकांपुढे तपासणीसाठी न्यावी लागते. शासकीय शुल्क रंगकामाच्या मानाने किरकोळ आहे. ग्राहकाला खरा भुर्दंड पडतो तो वेळेचा. मंडणगड किंवा दापोलीच्या वाहनधारकाला रत्नागिरी शंभर किलोमीटरहून दूर पडते. तालुक्याच्या शिबिरात हे काम होईल का, याची चौकशी करूनच निघावे.

मूळ रंगातच पुन्हा रंगवले, तर या नोंदीची गरज पडत नाही. विनाइल आवरणाने गाडीचा दिसणारा रंग पूर्ण बदलत असेल, तर मात्र 'हा रंग नाही, कागद आहे' हा युक्तिवाद रस्त्यावर उपयोगी पडेलच असे नाही. एका रंगाला तर पूर्ण मज्जाव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ नुसार संरक्षण विभागाच्या वाहनांखेरीज इतर वाहनांना ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग देता येत नाही. जुन्या बुलेटला 'मिलिटरी लूक' देण्याची हौस बाळगणाऱ्यांनी हा नियम ध्यानात ठेवावा.

नोंद न केल्याचा त्रास एरवी जाणवत नाही. गाडी चोरीला जाते, अपघात होतो किंवा विकायची वेळ येते, तेव्हा तो उभा राहतो. चोरीच्या तक्रारीत लाल गाडी आणि पुस्तिकेत काळी, अशी विसंगती असल्यास तपासात व विम्याच्या दाव्यात नाहक प्रश्न निर्माण होतात. खरेदीदारही अशी गाडी पाहून किंमत पाडून मागतो.

विम्याबाबत आणखी एक गैरसमज आढळतो. हौसेने बदललेल्या रंगाचा खर्च विमा कंपनी देत नाही. अपघातातील नुकसानीपोटी रंगकामाचा दावा करता येतो, पण प्रचलित पद्धतीत रंगसामग्रीच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापला जातो. बिल एकत्रित असल्यास एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम सामग्रीची धरतात. म्हणजे ८,००० रुपयांच्या बिलात सामग्री २,००० रुपयांची आणि कपात १,००० रुपयांची. वाढीव विमा संरक्षण घेतले असेल, तर हिशेब बदलतो.

कारागिराच्या श्वासाचा प्रश्न

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायने असतात. फवारताना त्यांचे सूक्ष्म थेंब श्वासातून आत गेले, तर दम्याचा विकार जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्प प्रमाणही झटका आणण्यास पुरते आणि कारागिराला तो धंदाच सोडावा लागू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. अशा फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा योग्य मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याच्या व्यवसायातील संपर्काला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. घरगुती व सजावटी रंगांत शिशाचे प्रमाण ९० भाग प्रतिदशलक्षाहून अधिक नसावे, असा नियम केंद्राने २०१६ मध्ये केला. वाहनांचे रंग मात्र या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. जुना रंग कोरडा घासताना उडणारी धूळ म्हणूनच धोक्याची. पाणी मारत घासल्यास ती बरीच कमी होते.

बंदिस्त जागा, धूर खेचणारा पंखा आणि चांगला मुखवटा यांवर खर्च करणाऱ्या कारागिराचा दर थोडा चढा असणार, हे ग्राहकाने समजून घ्यायला हवे. अशा जागेत धूळ कमी बसते, त्यामुळे गाडीवरचा रंगही नितळ येतो.

काम देण्यापूर्वी विचारावे असे

१) दर एनसीचा की पीयूचा? तळाचा रंग आणि क्लिअर दोन्ही पीयू का?
२) सर्व भाग सुटे करून रंगवणार का? टाकीची खालची बाजू धरली आहे का?
३) गंज निघाल्यास जादा किती आणि कोणता प्रायमर?
४) स्टिकर क्लिअरच्या खाली बसवणार की वर?
५) प्लॅस्टिकसाठी वेगळा प्रायमर वापरणार का?
६) फोड आले किंवा रंग सुटला, तर किती महिन्यांपर्यंत फुकट दुरुस्ती?
७) पक्के बिल मिळेल का?

गाडी ताब्यात देताना टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे आणि गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. आगाऊ रक्कम सामग्रीपुरती द्यावी. काही रक्कम सरफेसरचा टप्पा डोळ्यांनी पाहिल्यावर आणि उरलेली गाडी हातात आल्यावर द्यावी. रंग चढण्याआधीची घासलेली टाकी पाहण्यास जो कारागीर आपणहून बोलावतो, त्याने दोन हजार अधिक मागितले तरी पुढच्या पावसाळ्यानंतर तेच काम दुसऱ्यांदा करण्याचा खर्च वाचतो.